खांद्यावरची चार बोटं

आष्टीतल्या एका भाजीवाल्या बाईंची मुलगी फौजदार झाली, तिचा फोटो काढायला मी गेलो होतो. मी जिल्ह्याच्या पेपरचा तालुक्यातला फोटोवाला. केस पांढरे झाले याच कामात, तरी त्या दिवशी कच्चा ठरलो.

मी पोचलो तेवढ्यात बाई बाजारातून धावत आल्या. लेकीचा चेहरा त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि नुसत्या बघत राहिल्या. बातमी तिथंच होती, माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी शहाणा म्हणालो, थांबा, पाहुणे येऊ द्या. शाल, श्रीफळ आणि पुढारी फोटोत नसले तर सत्कार झाला असं आमच्याकडे कोणी मानतच नाही.

बाईंनी हळूच विचारलं, "भाऊ, माहा बी येईन ना फोटो तिच्यासंग?"

मी म्हटलं, येणारच.

पाहुणे आले. बोलावलेले चार, न बोलावलेले नऊ. गुळाला मुंग्या लागाव्यात तसे फोटोला लागले. रेटारेटीत मुलगी कडेला सरकली, आणि बाई तिच्याही पलीकडे, पार टोकाला. तिथून त्यांनी लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. टोकाचं माणूस पानावर कापलं जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मधे उभे होते ते आमच्या पेपरला जाहिराती देणारे. त्यांना बाजूला व्हा म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पुढारी सगळे होते. बाई नव्हत्या. खांद्यावर चार बोटं तेवढी उरली होती.

तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी आठवडी बाजारात गेलो. बाईंनी कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून तराजूजवळ टांगलं होतं आणि एका गिऱ्हाइकाला त्या बोटं दाखवत होत्या. मी सगळं कबूल केलं, माफी मागितली.

"काऊन जीव जाळून राह्यले, भाऊ?" मेथीची जुडी बांधता बांधता त्या म्हणाल्या. "हात कोणाचा हाय, थे माह्या पोरीले मालूम हाय."

मी घाईघाईनं कॅमेरा डोळ्याला लावला. फोटो काढायचा नव्हता. डोळे भरून आलेले त्यांना दिसू नयेत, एवढंच होतं.