लग्नातली मोहफुलं

आमच्या लग्नातली फुलं मी जवस घालून भाजली आणि खाल्ली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

फुलं मोहाची होती. तिचं माहेर सालेकशाकडचं, जंगलाला लागून. लग्न चैत्रात झालं, मोह गळायच्या दिवसांत. पाठवणीच्या सकाळी तिच्या आईनं घरामागच्या झाडाखाली वेचलेली फुलं तिच्या पदरात बांधून दिली. गळ्यातले हार दुसऱ्या दिवशी माना टाकून बसले. ही फुलं मात्र तिनं उन्हात वाळवली आणि आठवण म्हणून एका डब्यात भरून ठेवली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पावसाळ्यात ती माहेरी गेली. बाहेर झड लागलेली, घरात मी एकटा, स्वयंपाकाचा कंटाळा. फळीवर डब्यात मोह दिसला. आमच्याकडे मोह घरोघरी असतो, त्याला कोण विचारून खातं? तव्यावर भाजला, भाजलेल्या जवसासोबत कुटला. खोटं कशाला बोलू, फार गोड लागला.

ती परत आली आणि फळीवरचा रिकामा डबा पाहून, हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "काऊन जी, माह्या लग्नाची फुलं होती ना डब्यात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सादळली होती. शेजारच्या काकूंकडे उन्हात ठेवायला दिली."

"उन्हात? या झडीत?" ती दाराबाहेर बघत म्हणाली. "काकूच्या अंगणात येगळा सूर्य निंगून राहिला काय?"

संध्याकाळी काकूंकडून मूठभर मोह मागून आणला आणि डबा भरला. तिनं वास घेतला, झाकण लावलं. सुटलो, असं वाटलं.

पण मोहाला पावसाळ्यात कीड लागते. म्हणून दर चैत्रानंतर, ती बाजाराला गेली की मी डब्यातला मोह बदलू लागलो. मग काय, आमच्या घरची फुलं कधी काळी पडेनात, की त्यांना जाळी लागेना. आल्यागेल्याला ती डबा उघडून दाखवायची. "माह्या मायच्या हातची हायत. हात लागते ना मायचा!" पुढे तिची आई वारली. त्यानंतर कधीमधी ती एकटीच डबा मांडीवर घेऊन बसलेली दिसायची. मग तर माझं तोंड पुरतंच बंद झालं.

या वैशाखात लेकीचं लग्न झालं. तिनं आपल्या हारातले गुलाब वाळवले. गोंदियात एक मुलगी अशी फुलं काचेसारख्या पारदर्शक रेझिनमध्ये बसवून देते, तिच्याकडे ते द्यायचं ठरलं. लेक म्हणाली, "आई, तुझीही देऊ." आम्ही तिघं गेलो. त्या मुलीनं डबा उघडला, आत वाकून पाहिलं.

"आंटी, ये किशमिश है क्या?"

"किशमिश नाही बाई, लग्न हाय माह्यं!"

लेक हसून हसून भिंतीला टेकली. मी वर पंख्याकडे बघत होतो.

"तुमाले हसू नाही येऊन राहिलं काय?" बायकोनं विचारलं.

"येतंय ना."

तिनं डब्यातलं एक फूल उचललं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. "घ्या, एक तरी खाऊन पाहा. इतकी वर्सं घरात होती, पन कधी हात नाही लावला तुमी."

खाल्लं. याच चैत्रातला मोह होता तो.

"कसं लागते?"

"गोड," मी म्हणालो. ती इतकी खूश झाली की आणखी एक दिलं.

आता टीव्हीशेजारी लेकीचे गुलाब आहेत आणि त्यांच्या बाजूला आमचा मोह, मधात बुडवल्यासारखा चमकणारा. पाहुणे आले की ती मोहच आधी दाखवते. बदलायचं काम संपलं, पण डोक्यावरचं ओझं काही उतरलं नाही.

तिच्या आईनं वेचून दिलेली फुलं मी तिला देणं लागतो. ती कुठून आणणार? ती फुलं कुठं गेली हे तिला सांगणं तेवढं माझ्या हातात आहे, आणि तेही अजून बाकी आहे.