जडावकाकींची अंगठी

जालन्याच्या मस्तगडात कोणी खड्याची नवी अंगठी घ्यायची ठरवली की ती आधी आठ दिवस जडावकाकींच्या बोटात असे. कधी माणिक, कधी पुष्कराज, कधी नीलम. ती घालून काकी मोरीवर बसत आणि राख आणि कढत पाणी घेऊन घरातली सगळी पितळी भांडी घासत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, एवढं खातंपितं घर, बोटात एवढा खडा, आणि घरात एक मोलकरीण नसावी? मोलकरीण होती. ती शेजारी बसून काकींचं घासणं बघत होती.

मी तेव्हा नुकताच जालन्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि काकींच्या माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी पिंपळगाव रेणुकाईचा, शेतकऱ्याघरचा. खड्यांतलं मला एवढंच कळे की ते महाग असतात. काकींच्या सासरची माणसं मारवाडातून येऊन तीन पिढ्या झाल्या होत्या. यजमान फुलचंदकाका कापसाची आडत चालवत. काकींचे वडील जयपुरात खड्यांना पैलू पाडायचे, त्यामुळे त्यांची नजर लहानपणीच तयार झाली होती. तरी नुसत्या नजरेवर त्या कधी निकाल देत नसत.

आमच्याकडे ग्रहाचा खडा घ्यायचा तर तो आधी आठ दिवस अंगावर वागवून पाहण्याची रीत होती. लाभला तर पैसे द्यायचे, नाही तर खडा परत. काकींनी ही रीत आपल्या मोरीपर्यंत आणली होती. "लाभतो का न्हाई ते ग्रह पाहतील," त्या म्हणत. "टिकतो का न्हाई ते मी पाहून राह्यले." गल्लीतल्या बायका पाठीमागं बोलत की जडावबाईंना लोकांच्या अंगठ्या फुकटात मिरवायची हौस. हे कानावर आलं तेव्हा काकी म्हणाल्या, "मिरवते ना. आठ दिवसांच्या वर मला कोण ठेवू देतंय?"

एकदा कचेरीतल्या एका पेशकाराचं लालभडक माणिक त्यांच्याकडे आलं. तिसऱ्याच दिवशी खड्याखालचा लाल वर्ख भिजून गेला आणि बोटात पांढरट काच राहिली. पेशकार रुबाबात घ्यायला आले. काकींनी पदर सावरून सांगितलं, "साहेब, माणिक मोरीतून गेलं. कोंदण राह्यलंय, ते बराबर घेऊन जा." पेशकार पुढे कित्येक महिने आमच्या गल्लीतून जाताना पावलं जल्दी उचलायचे.

काकींच्या स्वतःच्या बोटातही एक अंगठी होती. हिरव्यागार पाचूची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला फुलचंदकाकांनी ती हैदराबादेहून आणली होती, बायकोला न सांगता, आणि त्या गोष्टीचा अभिमान त्यांच्या मनात पन्नाशीतही मावत नव्हता. घरी आलेल्या प्रत्येकाला चहाबरोबर ती कथा मिळे. "जव्हेरी म्हणला, शेठ, असा पन्ना पुन्यांदा न्हाई मिळायचा. मी म्हणलो, बांध." एवढं सांगून काका बायकोकडे बघत. काकी मान डोलावत. ही मान मी शंभरदा तरी डोलताना पाहिली असेल.

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुभद्राचं, लग्न जाफराबादला ठरलं त्या सालची गोष्ट. नवऱ्या मुलाच्या पत्रिकेत बुध कमजोर निघाला आणि व्याह्यांनी अंगठी मागितली ती पाचूची. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बैठकीत होकार देऊन टाकला. पाचू केवढ्याला पडतो हे त्यांनी नंतर विचारलं. हैदराबादेहून फिरतीवर येणाऱ्या एका जव्हेऱ्यानं मटारच्या दाण्याएवढ्या खड्याची अंगठी दाखवली आणि बाराशे हाली, म्हणजे निजामी, रुपये सांगितले. दादांनी खडा पाहिला, हिशेब केला आणि विहिरीखालचा तीन एकरांचा पट्टा विकायचं मनाशी ठरवलं. आमच्या जमिनीत पाणी लागणारा तुकडा तो एवढाच. रीतीप्रमाणे आठ दिवसांसाठी अंगठी मागून घेऊन मी त्यांना कसंबसं काकींकडे आणलं.

काकींनी अंगठी उजेडात धरली. "पाटील, पट्टा विकला का?"

"न्हाई अजून. गिऱ्हाईक आल्तं, उद्या येतो म्हणून गेलं."

"त्याला म्हणावं, आठ दिवसांनी ये."

पाचव्या दिवशी मी शाळेतून आलो तर काकी मोरीवर हात थांबवून बसल्या होत्या. बोटातला खडा मेला होता. हिरवा रंग फिका पडलेला आणि आतून सगळीकडे पांढऱ्या भेगा. अंगठी अजून जव्हेऱ्याची होती. खडा आमच्या हातून बिघडला म्हणून त्यानं बाराशे मागितले असते, तर पट्टाही गेला असता आणि व्याह्यांना द्यायला काही उरलं नसतं. तेवढ्यासाठी माझ्याकडे थांबलेल्या दादांनी तर ओसरीवर बसकणच मारली. रागानं मी काकींना म्हणालो, "तुम्हाला ही भांडी घासायला कोणी सांगितलं होतं?" आजही त्या वाक्याची मला लाज वाटते.

"तुमच्या दादांनी सांगितलं," काकी शांतपणे म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही पोरांना बे दुणे चार शिकवता. जरा बसा, तुम्हाला बी शिकवते. पन्न्याच्या भेगांत तेल मुरवलं का भेगा दिसत न्हाई. कढत पाण्यानं अन् राखेनं तेल निघून जातं."

आठव्या दिवशी जव्हेरी आला. अंगठी पाहताच त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, तुमने तो मेरा नगीना बिगाड दिये," म्हणून त्यानं बाराशेचं तुणतुणं सुरू केलं. काकींनी त्याला जेवायला वाढलं. दोन वेळा आग्रह करून पुरणपोळी घातली आणि सांगितलं, "उद्या या. तुमचा माल होता तसा परत करते."

तो गेल्यावर त्यांनी वाटीत तिळाचं तेल घेतलं, अंगठी त्यात बुडवली आणि वाटी चुलीशेजारी उबेला ठेवली. दुसऱ्या दिवशी तेल पुसून अंगठी काढली तर खडा पुन्हा हिरवागार. जव्हेऱ्यानं ती हातात घेतली, काकींकडे पाहिलं, चुलीशेजारच्या वाटीकडे पाहिलं आणि पुरणपोळी आठवल्यासारखा खाली बसला.

"खडा खरा आहे," काकी म्हणाल्या. "काच न्हाई, खाणीतला आहे. किंमत तेवढी खोटी आहे. भेगा न्हाईत असं समजून तुम्ही बाराशे सांगितले. आता भेगांसकट सांगा. तेलाचं धरू नका, ते माझ्या घरचं आहे."

अर्ध्या तासात दोनशेवर सौदा ठरला. दादा उठून पैसे मोजणार, तोच काकींनी त्यांचा हात धरला. "पाटील, व्याह्यांना खरं सांगायचं. तेलाचा खडा आहे, दोनशेचा आहे. ते न्हाई म्हणले तर अंगठी माझ्याकडे आणून द्या, मी घेते." ही अट दादांना जड गेली. पट्टा वाचला होता, पण आता सोयरीक मोडायची भीती होती. जाफराबादला व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं, अंगठी उलटसुलट केली आणि म्हणाले, "खडा खरा आहे ना? मंग झालं. बुधाला काय, भेगा मोजायच्या आहेत का?" दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नात काकी आहेर घेऊन आल्या आणि नवरदेवाला गंभीरपणे बजावून गेल्या की अंगठी घालून भांडी घासायची नाहीत. आमचे मेव्हणे आजतागायत हा उपदेश तंतोतंत पाळत आहेत.

त्यानंतरच्या दिवाळीत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. अभ्यंगाच्या पहाटे काकी तेलाची वाटी घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी आपली अंगठी त्यात टाकली. मग मला आठवलं की मोरीवर बसण्याआधी काकी लोकांची अंगठी बोटात घालत आणि स्वतःची काढून कोनाड्यातल्या डबीत ठेवत. रोज. न चुकता. इतक्या वर्षांत ते मी पाहिलं होतं, पण समजलं नव्हतं.

मी दारातच म्हणालो, "काकी, ही कधी पारखली न्हाई का?"

त्यांनी आधी बाहेर पाहिलं. काका ओसरीवर कोणाला तरी पन्न्याची कथा सांगत होते. "ही मला विकत घ्यायची आहे का?" त्या हळूच म्हणाल्या. "मंग पारख कशाला?" आणि तोंडाला पदर लावून हसल्या.

निजामाचं राज्य गेलं त्या साली काकी अंथरुणाला खिळल्या. त्या दिवाळीला त्यांना उठताही आलं नाही. थंडीत त्या गेल्या. मला आईनंतर कोणी इतकं आपलं वाटलं नव्हतं.

पंधरवड्यानं काकांनी मला खाली बोलावलं. मुठीत अंगठी होती. खडा फिका पडला होता आणि भेगा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. "मास्तर, ती गेली अन् पन्ना उदास झाला बघा," काका म्हणाले. "तुम्ही तिच्या हाताखाली शिकले. खरं सांगा, हिची किंमत काय असंल?"

मी अंगठी उजेडात धरली. मग विचारलं, "काका, विकायची आहे का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग पारख कशाला? दोन दिवस माझ्याकडे राहू द्या, साफ करून देतो."

तिसऱ्या दिवशी मी ती परत दिली. काका खिडकीपाशी गेले, खडा उन्हात फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहा," ते म्हणाले, "त्या जव्हेऱ्यानं सांगितलंच होतं, असा पन्ना पुन्यांदा न्हाई मिळायचा."

मी मान डोलावली.