अक्का म्हणाली होती, अस्तर जाड झालंय

मेलेली माणसं येतात, बोलतात वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. जिंतूरला हायस्कूलमध्ये मी सायन्स शिकवायचो. असं कुणी काही सांगितलं की वर्गात त्याची टिंगल करायचो... तरीही हे लिहितोय.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची शेवटची वर्षं होती. माझी थोरली बहीण, अक्का, झरीला राहायची. घरीच मशीनवर ब्लाऊज शिवायची. तिला बारीक ताप येऊ लागला, पोट फुगलं, अंग वाळत गेलं. परभणीच्या डॉक्टरांनी पोटाचा टीबी सांगून गोळ्या सुरू केल्या. मी दर रविवारी एसटीने जाऊन बघून यायचो.

एका रविवारी भरदुपारी ती मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, “बापू, सकाळी माय आलती.”

आई जाऊन नऊ वर्षं झाली होती.

“स्वप्नात?”

“न्हाई रे, जागीच होते मी. हितं उंबऱ्यावर बसली. मनली, गोळ्या फुकट चालल्यात पोरी. कापड चांगलं हाय, अस्तर जाड झालंय. त्याचा तुकडा काढून बघाय सांग.”

मी हसलो. “दिवसभर अस्तरं लावतीस, मग आईबी तेच बोलणार!”

तीही हसली. पण पुढच्या खेपेला तिने विचारलं, “डॉक्टरला इचारलास का?”

“विचारलं. गरज नाही म्हणाले.”

विचारलं नव्हतं. सायन्सच्या मास्तराने डॉक्टरांपुढे काय सांगायचं – आई येऊन गेली म्हणून?

तीन महिन्यांनी तिला उठवेना, तेव्हा औरंगाबादला नेलं. सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. “आतडी, लिव्हर ठीक आहेत. पण पोटाला आतून अस्तर असतं ना, ते बघा केवढं जाड झालंय. टीबीतही असं दिसतं, पण गोळ्यांनी काहीच उतार नाही... तुकडा काढून तपासावा लागेल.”

“काय जाड झालंय?” मी पुन्हा विचारलं. त्यांनी तोच शब्द सांगितला – अस्तर.

तपासणीत लिम्फोमा निघाला, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. “लवकर आला असतात तर औषधाने आटोक्यात येण्यासारखा होता,” डॉक्टर म्हणाले. आता औषध सोसण्याइतकीही ताकद तिच्यात उरली नव्हती.

वॉर्डात तिने माझा हात धरला. “त्या परभणीच्या डॉक्टरवर राग धरू नको बापू. त्यांला तरी काय दिसणार वरून?”

मी मान हलवली. आठ दिवसांत ती गेली.

कुणी म्हणतं, आपल्या शरीरातलं आपल्याला आतून कळतं. असेलही. पण चौथी शिकलेल्या अक्काला तुकडा काढून तपासायचं कुणी सांगितलं? इतकी वर्षं विचार करतोय, उत्तर सापडत नाही. आणि मी डॉक्टरांना काहीच विचारलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही... आज इथे पहिल्यांदा लिहितोय.