फ्लशच्या वॉशरला खोबरेल

माझ्या वहीत एक पान सासऱ्यांच्या पाण्याचं आहे. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दिवसाला आठ ग्लास पाणी गेलंच पाहिजे. तेव्हापासून ग्लासामागे एक रेघ ओढते. मध्यंतरी रेघा पाचावर आल्या, मग तीनवर. विचारलं तर म्हणाले, "तान नाय गो बाय."

कारण कळायला मला ते पान दोनदा बघावं लागलं. रेघा कमी व्हायला लागल्या तो दिवस आणि मी संडासातल्या फ्लशच्या टाकीचा कॉक बंद केला तो दिवस एकच होता.

ऑपरेशननंतर आम्ही त्यांच्या खोलीला लागून कमोड बसवून घेतला. आमच्या चोपडे गावात नळाला सकाळी तासभर पाणी येतं. तेवढ्यात गच्चीवरची टाकी भरायची आणि दिवसभर पुरवायची. फ्लश आतल्या आत गळायला लागला की ती टाकी दुपारच्या जेवणाआधी रिकामी. म्हणून मी कॉक बंद करून कोपऱ्यात बाल्दी ठेवली. पण वॉकर धरलेल्या माणसाला बाल्दी उचलता येत नाही. नवरा बोटीवर, सहा महिन्यांनी येणार. घरात आम्ही दोघंच. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांनी सुनेला हाक मारायची आणि सुनेनं जाऊन पाणी ओतायचं. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. कुणाला काही न सांगता त्यांनी पाणी पिणंच कमी केलं.

मी पेडण्याच्या बाजारातून फ्लश व्हॉल्व्हचा नवा सेट आणला, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले आणि वहीत कामाचे टप्पे लिहिले. कॉक बंद. टाकी रिकामी. झाकण गादीवर ठेवायचं, फरशीवर नाही. जुना व्हॉल्व्ह फिरवून सोडवायचा. वॉशर टेकतो ती खालची बैठक पुसायची. सहावा टप्पा, वॉशरला खोबरेल. मग नवा बसवायचा. चार दिवस सगळं छान चाललं. रेघा सहावर गेल्या. पाचव्या दिवशी कमोडमध्ये पुन्हा पाण्याची बारीक धार, पुन्हा कॉक बंद, पुन्हा बाल्दी. दुसरा वॉशर आणला, तेच टप्पे केले, तेच झालं.

गावात एका बांधकामावर बेळगावकडचा प्लंबर होता, पन्नाशीचा. रविवारी सुट्टी असते, येतो म्हणाला आणि नवाच्या ठोक्याला आला. पिशवीत पक्कड, कोरा वॉशर, सुती फडकं आणि नीळ. कपड्यांना घालतात ती.

"खोलायचं नाही अजून," तो म्हणाला. कॉक सोडून टाकी भरू दिली आणि तिच्यात निळीचे चार थेंब सोडले. "आता पंधरा मिनिटं बटण कुणी दाबायचं नाही, वैनी."

तो सोप्यावर सासऱ्यांशेजारी जाऊन बसला. मी दोनदा सामान बदललं होतं, पण गळतं नक्की कुठून, हे एकदाही तपासलं नव्हतं. पंधरा मिनिटांनी कमोडच्या पांढऱ्या भांड्यात निळी रेघ उतरलेली दिसली. "पाणी भरायचा व्हॉल्व्ह चांगलाय. खालूनच गळतंय."

त्यानं वॉशर काढला, बोटात फिरवला आणि नाकाशी नेला.

"वैनी, ह्याला खोबरेल लावलासा व्हय?"

"दोन्ही वेळा लावलं. आमच्याकडे सगळ्याला तेच लावतात. कडीला, कुलपाला, शिलाई मशीनला, बाबांच्या गुडघ्यांना."

"गुडघ्यांना लावा की. रबराला नको. रबर तेल पितंय, फुगतंय, मग बसत नाही." पिशवीतला कोरा वॉशर काढून त्यानं दोन्ही शेजारी ठेवले. माझ्याचा घेर मोठा झाला होता, कड वळली होती.

सोप्यावरून सासरे म्हणाले, "तिच्या वहीत लिवलेला असतला. नंबर घालून."

प्लंबरनं वही मागितली. हात पुसून सगळे टप्पे वाचले. "सहावा सोडला तर बाकी बरोबर आहे. झाकण गादीवर ठेवायचं, हे तर आमच्यातली माणसं बी करत नाहीत." माझं इतकं सरळ कौतुक बऱ्याच दिवसांत कुणी केलं नव्हतं.

मग त्यानं फडक्यानं बैठक पुसली. मीही पुसली होती. पण त्यानं त्यानंतर डोळे मिटले आणि बोटाचं टोक कडेवरून सावकाश फिरवलं. एका जागी थांबला, नखानं लाल क्षाराचा कण खरवडला, परत फिरवलं. कोरा वॉशर नुसत्या पाण्यात बुडवून बसवला. पुन्हा नीळ, पुन्हा पंधरा मिनिटं. भांडं पांढरं राहिलं.

मी वहीत बरोबरची खूण करायला घेतली. तो म्हणाला, "आजोबांना बोलवा."

"कशाला?"

"बटण ते दाबणार. मी दाबून काय उपयोग?"

सासरे वॉकर टेकत आले. अंगठ्यात जोर नव्हता, बटण अर्धंच गेलं. झाकण काढून प्लंबरनं बटणाखालची दांडी दोन आटे फिरवली. "आता बघा." अजून जरा जड होतं. आणखी अर्धा आटा. "आता." पाणी धाडकन गेलं. सासऱ्यांनी टाकी भरायची वाट बघितली आणि परत दाबलं.

"गेलं की पाणी, बाबा," मी म्हटलं.

"मी तपासतंय," ते म्हणाले.

दांडी वाढवल्यावर खालची झडप अधांतरी तर राहत नाही ना, म्हणून त्यानं तिसऱ्यांदा नीळ घातली. तिसऱ्यांदा पंधरा मिनिटं बसला. हा त्याचा आठवड्यातला एकच सुट्टीचा दिवस, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. जेवायला थांबवलं. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, कढी त्याला फार आवडली.

दुपारी मी भांडी आवरत असताना फ्लशचा आवाज आला. हाक आली नव्हती. थोड्या वेळानं मात्र आली.

"बाय, तांब्यो भरून हय ठेव. मी घेतंय."

मी तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवला. तेव्हापासून रेघा ओढता येत नाहीत, कारण ते किती पितात ते मला दिसत नाही. तांब्या मात्र दिवसातून दोनदा भरावा लागतो. फ्लशच्या पानावरचा सहावा टप्पा मी खोडला, आणि शेवटी दोन नवे लिहिले. बैठकीवरून डोळे मिटून बोट फिरवणे. बटण बाबांना दाबायला सांगणे.