आईच्या माळेचे सहा निळे मणी

केझाया ओडेल वयाच्या पाचव्या वर्षी लेस विणायच्या उशीसमोर बसली ती कायमचीच. हार्लॉक गावात मुलीचे हात स्थिर झाले की त्यांत कांड्या येत. हाडाच्या या बोटभर कांड्यांना दोरा गुंडाळलेला असे आणि टोकाला वजनासाठी काचेचे मणी ओवलेले असत. मुली त्या उशीत टोचलेल्या टाचण्यांभोवती खेळवीत राहत आणि लेस विणली जाई. पण कांडी हे निव्वळ अवजार नव्हते. मनातले बोलायला धजत नसलेला तरुण ते कांडीवर कोरून घेई आणि कांड्या घडवून विकणाऱ्या कांडीवाल्याच्याच हाती मुलीकडे पाठवी. ती कुणी पाठवली, हे कांडीवाल्याने सांगायचे नाही, असा रिवाज होता.

१८१३ च्या नोव्हेंबरात, लेसवाल्यांच्या संत कॅथरीनच्या सणाला, कोठारातल्या नाचात केझायाच्या गळ्यातली आईची माळ तुटली. निळे चौकोनी मणी गवतात विखुरले. जमीनदाराकडे पाहुणा आलेला, लाल लष्करी कोटातला लेफ्टनंट थॉर्नबी वाकला, एक मणी उचलून त्याने तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, “काळजी करू नका, मिस ओडेल. उरलेले मी एकेक करून शोधून देईन.”

तिला आजवर कुणी ‘मिस ओडेल’ म्हटले नव्हते.

फेब्रुवारीत एनॉस बर्चमोर हा कांडीवाला दारात आला. त्याने आणलेल्या कांडीवर लाल ठिपक्यांत ‘विसरू नको’ असे कोरले होते आणि टोकाला आईच्या माळेतला निळा मणी होता.

“कुणी दिली रे?”

“गिऱ्हाईकाचं नाव सांगत नाही मी.”

“मला ठाऊक आहे.”

एनॉस नुसता हसला आणि गेला.

ऑक्टोबरपर्यंत अशा सहा कांड्या आल्या. केझाया खिडकीशी बसे. उन्हात निळे मणी हलत, त्यांची सावली पांढऱ्या दोऱ्यावर पाण्यासारखी सरकत राही आणि त्या पाण्यापलीकडे लाल कोट घातलेला कुणीतरी चालत येताना तिला दिसे.

“तुझी फुलं वाकडी येतायत गं,” थर्झामावशी म्हणाली. “लेफ्टनंट काय लेस नेसणार आहे? आणि त्या एनॉसला एकदा सफरचंदाचा रस तरी विचार. सणाच्या दिवशी नॉर्थहॅम्प्टनला भावाकडे कायमचा चाललाय म्हणे.”

“जाऊ दे की.” केझाया म्हणाली खरी, पण तिच्या हातातली कांडी थबकली.

सणाच्या आदल्या दिवशी लेफ्टनंट खरोखरच आला. सोबत त्याची नियोजित वधू होती, तिच्या ओढणीसाठी लेस हवी होती. केझायाने उभे राहून अभिवादन केले. त्याने तिला ओळखले नाही. तो उशीकडे वाकला आणि निळा मणी बोटाने हलवून कुतूहलाने म्हणाला, “ही छोटी छोटी हाडं कशासाठी बांधता हो तुम्ही? आणि त्यांवर लिहितासुद्धा? गंमतच आहे!”

ज्याला कांडी म्हणजे काय हेच माहीत नाही, त्याने ती कोरून घेतली असणे शक्य नव्हते. तुटले ते फक्त लाल कोटाचे स्वप्न. मणी मात्र समोर होते, खरे होते, आणि कुणीतरी ते शोधले होते.

नाचानंतर कोठारात कोण गेले होते, असे मावशीला विचारल्यावर ती म्हणाली, “नाचाच्या दुसऱ्या दिवशी? एनॉस दिवसभर रांगत होता कोठारात. मी म्हटलं, अरे, सशाचं बीळ शोधतोयस का?”

सणाच्या सकाळी धुके होते आणि घराघरांतून शहाजिऱ्याच्या केकचा वास येत होता. एनॉसची हातगाडी त्याच्या दारात भरलेली उभी होती, फक्त कांड्या कातायचा चरक उचलायचा राहिला होता.

“एक कांडी करून हवीय,” केझाया म्हणाली.

“आत्ता?” त्याने तिच्याकडे न पाहता पट्टा आवळला. “काय कोरायचं?”

“एनॉस.”

त्याचे हात थांबले. त्याने मान वर करून विचारले, “कुणासाठी?”

“गिऱ्हाईकाचं नाव सांगत नाहीस ना तू? मग मीही नाही सांगत.” तिने मूठ उघडली. नाचाच्या रात्रीपासून वर्षभर जपलेला सातवा मणी तिच्या तळहातावर होता. “हा तेवढा लाव टोकाला.”

एनॉसने हातगाडीवरची दोरी सोडली आणि चरक पुन्हा खिडकीशी, उजेडात नेऊन ठेवला.