तुळसाशिवाय बघितलेला सिनेमा

रत्नागिरीच्या मच्छी मार्केटात तुळसाशी घासाघीस करायची म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालायचा. गिऱ्हाइकाने सुरमईचा भाव पाडून मागितला की इतर बायकांसारखी ती आरडाओरडा करत नाही. कोयता बाजूला ठेवते, मान जराशी तिरकी करते आणि थंडपणे म्हणते, "भाऊ, घरी बायकापोरं हायत ना? मग त्यांच्या तोंडचा घास कशाला काढताव?" भाऊ गपचूप पैसे मोजतो. ही विद्या तुळसा गुंडांच्या सिनेमांतून शिकली, आणि ते ती कोणापासून लपवतही नाही. शेजारच्या बायका सासू-सुनांच्या मालिका बघतात, तर ही म्हणते, "सासू-सून घरात फुकट बघायला मिळतात गो, त्याला रिचार्ज कशाला मारू?"

सिनेमे बघायचा वार सोमवार. सोमवारी अर्धं गाव मासळी खात नाही, मार्केट थंड असतं, तुळसा दुपारीच घरी येते. तिचा नवरा विनोद बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. तोही सोमवारी जेवायला आला की परत जात नाही. तिने रांधायचं, त्याने मोबाईल टीव्हीला जोडायचा, आणि मग मांडीला मांडी लावून खून बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांत एक करार कधी मोडला नव्हता. एकट्याने पुढे बघायचं नाही.

सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्या दिवशी घरात जे शिजलं असेल ते त्या सिनेमाचं नाव. 'फणसाची भाजी' म्हणजे दोन जिवलग मित्र एकमेकांवर पिस्तूल रोखतात तो. 'आंबोळ्या' म्हणजे सोन्याची बोट पकडतात तो. त्यात विनोद अजून वैतागतो, "एवढ्याशा इंजिनावर ती बोट पळंल काय? फसवतात मेले!" तुळसाची आवड वेगळी. डॉन पोलिसाच्या गोळीने मेला तर तिला जेवण गेल्यासारखं वाटत नाही. घरच्याच माणसाने दगा दिला पाहिजे. विनोद पहिल्या दहा मिनिटांत कोणावर तरी बोट दाखवून ओरडतो, "हाच फितूर!" आणि दर वेळी साफ चुकतो. शिवाय माणूस एवढा धिप्पाड, पण पडद्यावर गोळी सुटली की असा दचकतो की हातातला चहा लुंगीवर सांडलाच म्हणून समजा.

तर त्या सोमवारी मोबाईलवर नवा सिनेमा आला होता. तुळसाने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि घावणे केले होते. डॉन होता, त्याचे तीन हस्तक होते, सगळ्यांना विडे करून देणारा एक म्हातारा मुनीम होता. दहा मिनिटं झाली, वीस झाली. विनोद गप्प.

"काय वो, आज फितूर नाय ओळखत?" तुळसाने विचारलं.

"बघूया की," तो म्हणाला.

बघूया की? या माणसाने जन्मात कधी 'बघूया की' म्हटलं नव्हतं. तुळसाच्या मनात पाल चुकचुकली. ती सिनेमा सोडून नवऱ्याकडे बघायला लागली. पडद्यावर डॉन आणि मुनीम हसत जेवत होते, सगळं कसं खेळीमेळीत चाललेलं. आणि विनोदने हातातला कप हळूच उचलून लांब जमिनीवर ठेवला. ठेवला, आणि टेबलाखालून धाडकन गोळी सुटली.

तुळसाने सिनेमा थांबवला.

"कोणाबरोबर बघितलात?"

"काय?"

"ह्यो सिनेमा. कोणाबरोबर बघितलात?"

"अगो, तुझ्यासमोर तर बसलोय..." विनोदचा चेहरा भिजलेल्या कोंबड्यासारखा झाला होता. तिने पुन्हा विचारलं. तर तो कुठल्याशा बोटीच्या पंपाचं नाव घेऊन उठला आणि चपला घालून गेला. सोमवारी दुपारी!

तुळसाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुम्ही म्हणाल, एका सिनेमाचं काय एवढं? अहो, नवऱ्याने दुसरीकडे जेवण केलं असतं तर तिने एक वेळ माफ केलं असतं, हॉटेलवाल्याला दोन शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. पण सिनेमा! तिच्या मते संसार म्हणजे तोच होता. बाकी इंजिनाचं ऑईल आणि माशांचे खवले. आणि एकट्याने बघितला असता तर या माणसाने तसं सांगितलं असतं. लपवलं, म्हणजे शेजारी कोणीतरी होतं.

रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर बंदरावरची दर्शना येत होती. दर्शनाची चहाची टपरी, भलामोठा मोबाईल, तोंडभर हसणं. विनोदने गेल्याच महिन्यात तिचा मिक्सर दुरुस्त करून दिला होता, आणि पैसे घेतले नव्हते!

सकाळी बंदरावर मासळीच्या लिलावाला गेली ती थेट टपरीवर. "नवा सिनेमा कसा वाटला गो?" तिने गोड आवाजात विचारलं. तिचा तो आवाज ऐकून गिऱ्हाइकं लांब सरकतात.

"कुठला?" दर्शना म्हणाली. "तुझे ते मुडदे पाडणारे? नको गो बाय, माझी तर शुद्धच जाते." आणि चहा गाळता गाळता तिने भर घातली, "पण विनोददादा गेल्या बुधवारी कुठे लग्नाला गेलेले काय? कडक इस्त्री, डोक्याला तेल. चिपळूण गाडीत चढताना बघितलं मी."

इस्त्री! तेल! स्वतःच्या लग्नात तरी त्याने डोक्याला तेल लावलं होतं की नाही, कोण जाणे. त्या दिवशी मार्केटात तिने इतका तिखट भाव लावला की टोपलीतले सरंगे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहिले.

संध्याकाळी ओमकारचा फोन आला. ओमकार तिचा एकुलता एक. चिपळूणजवळ पोफळीच्या वीजघरात कंत्राटावर लागलेला. बापाने त्याच्यासाठी आपल्या शेडमध्ये जागा करून ठेवली होती, आणि हा न सांगता पोफळीला जाऊन हजर झाला. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. गणपतीत ओमकार घरी यायचा, दोघं एकाच पंगतीला बसायचे, आणि एक म्हणायचा, "आई, बाबांना सांग, मीठ सरकवा." दुसरा म्हणायचा, "तुळसा, त्याला सांग, मीठ त्याच्याच बाजूला हाय." मध्ये तुळसा. निरोप नेता-आणता तिची जीभ झिजली होती. या दोघांसाठी तिने ग्रामदेव भैरीला नवस बोलला होता.

फोनवर तिने नेहमीसारखं मन मोकळं केलं. बापाने कसा दगा दिला, गोळी सुटायच्या आधीच कप कसा खाली ठेवला, सगळं. ओमकारला हसू आवरेना.

"म्हणजे शिकले तर! आमच्या वेळी पुढच्या माणसाच्या टकलावर सगळा..."

आणि तो एकदम थांबला.

 तुळसाला चुलीवर काय होतं, दारात कोण होतं, काही कळेना.

"तू होतास?" ती म्हणाली.

"आई, तू रागवू नकोस. बाबांनीच फोन केला होता. मला बुधवारी सुट्टी असते, तर म्हणाले, येतो चिपळूणला, थेटरात बसू."

खरं तर तिने त्याच क्षणी साखर वाटायला निघायला हवं होतं. देव पावला होता! पण छातीत पहिल्यांदा उसळला तो आनंद नव्हता, जळफळाट होता. बापाने स्वतः फोन केला. बाप तेल लावून गेला. दोघं शेजारी बसले, खाल्लं, हसले, आणि आपण इथे खवले काढत बसलो. तिच्या पोटचा पोर आणि तिचा नवरा, आणि मेल्यांना तिची आठवणसुद्धा झाली नाही!

"मला का नाय सांगितलंत?" तिचा आवाज फाटला.

 ओमकार म्हणाला, "बाबा म्हणाले, तुझी आई असली की आपण दोघं तिच्याशीच बोलतो. या वेळेला तिला नको."

तुळसाने फोन ठेवला. चूल विझवली. विनोद घरी आला तेव्हा तिने त्याला जेवायला वाढलं आणि एक शब्द विचारला नाही. बिचारा घाबरून दोन घास कमीच जेवला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. लिलाव उरकून तुळसा टोपली घेऊन मार्केटकडे निघाली, पण पाय एसटी स्टँडकडेच वळले. चिपळूण गाडी लागली होती. खिडकीत विनोद, भांग पाडलेला. तिला बघून त्याचा रंगच उडाला. बायको आता भर स्टँडवर तमाशा करणार, असं त्याला वाटलं असणार, आणि तिच्या मनातही तेच होतं. गाडीत चढून त्याची गचांडी धरावी, नाहीतर टोपली तिथेच टाकून त्याच्या शेजारी बसावं.

"ओमकारने सांगितलं," ती म्हणाली.

विनोदने मान खाली घातली. मग खिडकीतून वाकून, अगदी मनापासून म्हणाला, "येतेस काय गो? तिकीट काढू?"

'आले' हा शब्द तुळसाच्या जिभेवर आलाच होता. देवाशप्पथ, त्या क्षणी तिला जगात दुसरं काही नको होतं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

"नको," ती म्हणाली. "मी आले की तुम्ही दोघं माझ्याशीच बोलाल."

 गाडी हलली. तुळसाने टोपली डोक्यावर घेतली आणि सबंध रस्ताभर त्या दोघांना मनसोक्त शिव्या देत ती मार्केटात पोचली. तिचे डोळे का लाल आहेत, ते त्या दिवशी एकाही बाईने तिला विचारलं नाही. कोणाची छाती होणार?