लाभ, दोन, तीन

कोन गावाच्या अलीकडच्या एका गावात शशिकला अंगणवाडी चालवायची. बाई हट्टी. आधीच्या बाईंनी पोरांकडून शंभरापर्यंत आकडे घोकून घेतले होते. पण चार चिंचोके मागितले की पोर मूठभर आणून ओतायचं. शशिकलेनं घोकणं बंद केलं. "दहापर्यंतच येऊ दे, पण हाताला कळू दे," एवढंच तिचं शास्त्र.

दोन हजार अकराच्या सुगीत तिच्याकडं चार वर्षांची मनस्वी आली. चिंचोके वाटीत टाकत पोरीनं ठणकावून सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..."

पोरं फिदीफिदी हसली. शशिकला चिडली. "लाभ काय गं? एक म्हण, एक!" सगळ्यांदेखत तेच तेच म्हणायला लावलं. पोरीनं तोंडाला जे कुलूप घातलं, ते घातलंच. मोजणं सोडाच, चिंचोक्यांना हात लावीना.

काही दिवसांनी तिची आई आली. "बाई, सोमवारपासून हिला कामोठ्याच्या क्लासला घालते. तिकडं तरी मोजंल."

"सोमवारपर्यंत माझ्याकडं हाय ना? मग बघू."

पोरगी गेली असती तर गेली असती. पण आपण बंद केलेलं तोंड दुसऱ्यानं उघडायचं, हे शशिकलेला पटेना.

संध्याकाळी ती त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. जमीन बिल्डरला गेली तरी मनस्वीचा आजा काळूराम एक खाचर राखून होता. भाताच्या राशीपाशी बसून तो पायलीनं माप घालत होता आणि पोरगी मोजत होती. लाभ, दोन, तीन... पार बारापर्यंत, कुठं न अडखळता.

"काका, हिला एक बोलायला सांगा."

"राशीवं एक नाय बोलायचा. एक बोललं का रास तितंच थांबते. लाभ बोललं का वाढते. माज्या बापानं असाच मापलाय."

"आन् अंगणवाडीत?"

"तुज्या चिंचोक्यांचा तू बघ, बाय. ही लक्षुमी हाय."

शशिकलेच्या जिभेवर सणसणीत उत्तर आलं होतं. तेवढ्यात आतून आईची हाक आली, "मनस्वी!"

"आले!" पोरगी ओरडली.

"गोदू, आदी ही पायली मोज," आजा म्हणाला. तिनं त्यालाही ओ दिली. शशिकला भांडण गिळून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला समोर घेतलं. "हजेरीला तुझं नाव काय?"

"मनस्वी."

"आजा काय बोलतो?"

"गोदू."

"मग तुम्ही पोरी किती?"

पोरगी विचारात पडली. मग हळूच एक बोट वर केलं.

"ह्या बोटाचंही तसंच. राशीवर लाभ, पाटीवर एक."

"मग दोनचं घरचं नाव काय?"

"त्याला नाय."

"कंला? का नाय?"

"ते आज्याला विचार. तू मोज."

सोमवारी आई आली तेव्हा मनस्वी वाटी घेऊन बसली होती. पहिला चिंचोका टाकताना पुटपुटली, "लाभ." मग मोठ्यानं, "एक."

"अजून लाभच चाललंय!" आई म्हणाली.

"चालू दे. सात माग तिच्याकडं."

आईनं मागितले. पोरीनं मोजून तिच्या ओंजळीत ठेवले. आईनं ते स्वतः पुन्हा मोजले. "दुपारी न्यायला येते," म्हणाली आणि निघाली.

शशिकलेनं मान वर केली नाही. तिच्यापुढं शिवा नावाचा पोरगा उभा होता, आणि पाटीवरचा सहा त्याला नऊच दिसत होता.

"नऊच हाय बाई, पाठ फिरवून बसलाय."

"बस खाली," म्हणत शशिकलेनं खडू उचलला.